गर्दीत दोन, रिकाम्यात तीन

दादा, काल तुमची तेरवी झाली. गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, मी कढी वाढत होते, आणि येणारा प्रत्येक माणूस तुमच्या आवाजाचं कौतुक करत होता. "क्या आवाज़ थी साहब की, कभी ऊँची नहीं हुई." विजय नगरचे शेजारी, चेरीतालहून आलेली आपली मराठी मंडळी, विमानतळाच्या टॉवरमधली पोरं, सगळ्यांचं एकच. वानखेडेसाहेबांनी जन्मभर विमानं उतरवली, पण आवाज कधी चढला नाही. माझ्या हातात कढीचं भांडं होतं आणि ते तिथेच आपटावं असं मला वाटत होतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आपटलं नाही. वाढत राहिले.

या आवाजानंच तुमचा घात केला, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, अर्चनाचं डोकं फिरलं, बिचारी मुलीसारखी होती त्यांना. मुलीसारखी होतेच. पण मी त्या दिवशी तुमच्या पुढ्यात बसलेली होते, आणि ते सगळे नव्हते.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करते, कारण शेवटच्या दिवसाकडे जायला अजून धीर होत नाही.

मी टॉवरमध्ये आले तेव्हा आम्ही चेरीतालला राहत होतो. बाबा कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, आणि पोरगी विमानांना रस्ता दाखवणार म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरत होते. तुम्ही माझं नाव ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "घरी मराठी बोलता का?" हो म्हटलं. "अच्छा. मग आपलं आपण मराठीत बोलू. विमानाशी इंग्रजी, बाकीच्यांशी हिंदी. डोकं तेवढंच हलकं राहते."

आपल्या टॉवरात रडारचा पडदा नाही. वैमानिक सांगतो मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे. आपण त्याच्या नावाची कागदी पट्टी समोरच्या फळीवर लावतो आणि उरलेलं आकाश डोक्यात मांडतो. कोण वर, कोण खाली, कोणाला काय कबूल केलंय, धावपट्टीच्या कडेला गवत कापणारे कुठवर आलेत. हे सगळं म्हणजे चित्र. चित्र डोक्यातून निसटलं की समोरच्या पट्ट्या नुसते कागद. शिकताना एकदा माझं निसटलं होतं. तुम्ही शेजारी बसला होता, माझा माइक तोडून स्वतः बोलायचं बटण तुमच्या बोटाखाली होतं. तुम्ही बोट हलवलं नाही. वाट पाहिली. मी पहिल्या पट्टीपासून पुन्हा वाचायला लागले आणि आकाश परत आलं. मग तुम्ही म्हणालात, "पाणी पी." त्या दिवशी तुम्ही बटण दाबलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी आले नसते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते माहीत असावं, असं आता वाटतं.

परीक्षा पास झाले तेव्हा कमानिया गेटहून खोव्याची जिलबी आणलीत. काळी, गरम, पाकात बुडालेली. आणि जिलबी खाता खाता तुम्ही मला खुर्ची सोपवण्याची रीत सांगितलीत. शिकवतात सगळेच, पण तुमची रीत वेगळी होती. उठणाऱ्यानं सगळं सांगायचं: वारा, विमानं, कोणाला काय कबूल केलंय ते, गवतवाले. शेवटी म्हणायचं, "बाकी काही नाही." मग बसणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, काहीही न बोलता. बसणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नाही, समोरच पाहायचं. चित्र पुरं डोक्यात आलं की त्यानं म्हणायचं, "घेतलं." त्याआधी उठणाऱ्यानं जिना उतरायचा नाही, वर आभाळ का कोसळेना.

"आणि एक," तुम्ही म्हणालात, "मागे उभा असलेला कितीही कंटाळला असू दे, त्याच्या दयेपोटी खोटं 'घेतलं' म्हणू नको. माणूस घरी उशिरा गेला तर चालते."

चालते. मी हे वाक्य किती शिकाऊ पोरांना ऐकवलं, दादा.

आता ते यंत्र. वरून हुकूम आला की कंट्रोलरच्या डोक्यावर किती भार पडतो ते मोजायचं आहे. एक मॅडम आल्या, हुशार, नम्र, पोटतिडकीनं काम करणाऱ्या. त्यांनी टेबलावर साबणाच्या वडीएवढी डबी ठेवली. थोड्या थोड्या वेळानं तिच्यावर तांबडा दिवा लागायचा आणि आपण एक ते पाचपैकी एक बटण दाबायचं. एक म्हणजे डोकं मोकळं, पाच म्हणजे आता आणखी एक विमान आलं तर माझ्याच्यानं होणार नाही. बस, एवढंच. मॅडमनी दहा वेळा सांगितलं, इसमें सही-ग़लत कुछ नहीं है, जो लगे वो दबाइए.

त्या जिना उतरल्या आणि तुम्ही सगळ्यांना गोळा केलंत. "तीनच्या वर कोणी जायचं नाही. पाच दबाया मतलब हाथ से छूट गया. उद्या मेडिकलला बोलावतील, परवा खुर्चीवरून उठवतील."

पोरांनी माना डोलावल्या. तुम्ही बोलला म्हणजे ब्रह्मवाक्य. आणि मग त्या डबीनं आपल्या सगळ्यांचं जे सोंग पाहिलं ते आठवलं की अजून हसू येतं, आणि लगेच जातं. गर्दी असली, प्रवासी विमान उतरायला आलंय, शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतोय, मंत्र्याचं हेलिकॉप्टर घाई करतंय, की नेमका तेव्हा दिवा लागायचा. विचार करायला सवड कुणाला? अंगठा जाईल तिथे जायचा, आणि तो दोनवर जायचा, कारण तुम्ही दोन दाबायचा आणि तुमच्यासारखं व्हायचं होतं सगळ्यांना. आणि आकाश रिकामं असलं, चहा निवत असला, तेव्हा एक दाबायची लाज वाटायची. फुकटचा पगार खातात म्हणतील. म्हणून तेव्हा तीन. गर्दीत दोन, रिकाम्यात तीन. गर्दीत बाणा, रिकाम्यात लाज. असली चूक फक्त आपणच करू शकतो.

मॅडम चक्रावल्या. "सर, भीड़ में आप लोग इतने आराम से कैसे रहते हैं?" तुम्ही मिशीत हसलात. "तजुर्बा, मैडम." एकदा माझ्या हातून खऱ्या गर्दीत चार दाबलं गेलं. संध्याकाळी तुम्हीच मॅडमना म्हणालात, "वो ग़लती से दब गया था, हटा दीजिए." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. त्यांनी ते काढून टाकलं.

पुढे अहवाल आला. भार मध्यम, सर्व वेळ सारखा. वरच्यांनी तो वाचला आणि त्यातून जे निघतं तेच काढलं: कमी वर्दळीच्या पाळ्यांना दोघांऐवजी एक माणूस पुरे. वाईट हेतू कुणाचा नव्हता. आकडे आपले होते. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस गेला, खुर्ची राहिली. पोरं तिच्यावर जेवणाचे डबे ठेवू लागली.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं, ते मिटलं नाही. तुमच्या घरी चहाला आले की तेच. मी म्हणायची, "दादा, आपण खोटं बोलून ती खुर्ची घालवली." तुम्ही म्हणायचा, "खोटं काहून? काम जमून राहिलं ना? जमते म्हणजे दोन."

"जमतं का ते विचारलंच नव्हतं. केवढ्याला पडतं ते विचारलं होतं."

"जमणाऱ्याला केवढ्यालाही पडते. बोंबलायचं कशाला?"

"मग मोजायचं कशाला?"

"तेच म्हणतो मी. मोजायचं कशाला!" आणि तुम्ही कपबशी सरळ रेषेत लावायचा. वहिनी आतून ओरडायच्या, "तुमचं झालं का? पोहे निवून राहिले."

वहिनींकडे मात्र तुमचं माप होतं, आणि ते त्यांनी मला तुमच्यासमोरच सांगितलं होतं. आपल्या धंद्यात सांगितलेलं परत म्हणून दाखवावं लागतं. वैमानिकानं उंची परत म्हटली नाही तर आपण त्याला सोडत नाही. वहिनी म्हणाल्या, "हे हलके असले की मी म्हणते अर्धा लिटर दूध आणा, तर हे नुसते 'हो' म्हणते. दमले असले की म्हणते, 'अर्धा लिटर दूध, आणतो.' आणि लईच झालं असलं तर 'अर्धा लिटर दूध, पिशवीतलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणतो.' मी त्या दिवशी मग दुसरं काही सांगतच नाही." आपण तिघंही किती हसलो. तुम्ही म्हणालात, "मॅडमना सांगू नका, इथे डबी आणून ठेवतील."

आता तो दिवस.

दुपारची पाळी माझी होती, सकाळची तुमची, एकट्याची. मी जिना चढून आले तेव्हा तुमचा शर्ट पाठीवर चिकटला होता. एसी पुन्हा बंद पडला असेल, असं वाटलं. मी बसले. तुम्ही सोपवायला सुरुवात केलीत. वारा पश्चिमेचा. दिल्लीचं विमान येतंय, अमुक उंचीवर, उतरायची परवानगी अजून दिलेली नाही. शिकाऊ वैमानिक दक्षिणेला घिरट्या घालतोय. हेलिकॉप्टर निघायला तयार, त्याला थांबायला सांगितलंय. गवतवाले बाहेर गेले. बाकी काही नाही.

बाकी काही नाही, असं तुम्ही म्हणालात, दादा. त्याच आवाजात.

मग मागे उभे राहिलात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. खुर्ची थोडी मागे ओढल्यासारखी झाली. मी पुढे सरकून बसले. शिकाऊ वैमानिकानं आपली जागा सांगितली आणि ती मला पटेना. तो सांगत होता त्या ठिकाणी तो असूच शकत नव्हता. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा चुकीचं सांगितलं. तिसऱ्यांदा तो कुठे आहे ते कळलं, त्याला वर ठेवलं, दिल्लीच्या विमानाला जागा केली. हे सगळं होईपर्यंत तुम्ही उभे होता. तुम्ही घाई केली नाहीत. खोकलासुद्धा नाहीत. मी वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहायचं नसतं. चित्र पुरं डोक्यात आलं तेव्हाच मी म्हटलं, "घेतलं."

"अच्छा," तुम्ही म्हणालात. "चलो."

लोखंडी जिन्यावर तुमची पावलं वाजली. नेहमीपेक्षा सावकाश वाजली, पण माझं लक्ष विमानाकडे होतं.

ते विमान समोर दिसायला लागलं आणि खालून फोन आला. साहेब जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेत, बोलत नाहीत. मी म्हटलं, गाडी काढा, दवाखान्यात न्या, तिवारीला बोलवा, आत्ता. तिवारी सगळ्यांत जवळ राहणारा, त्याची सुट्टी होती, तो बाजारात होता. फोन ठेवला आणि विमानाला उतरायची परवानगी दिली. मग शिकाऊ वैमानिकाला खाली घेतलं. मग हेलिकॉप्टर सोडलं. त्या काचांच्या खोलीत चारी बाजूंना सगळं दिसतं, दादा, धावपट्टीचं टोक दिसतं, पलीकडच्या टेकड्या दिसतात; फक्त आपल्याच जिन्याचा पायथा दिसत नाही. तुम्ही माझ्या पायाखाली बसला होता आणि मला उठता येत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर कुणाचा तरी डबा होता. गाडी निघालेली दिसली तेवढीच.

तिवारी धापा टाकत आला, मी त्याला रीतीनं सगळं सोपवलं, त्याच्या मागे उभी राहिले, तो "ले लिया" म्हणेपर्यंत. मग धावले. तोवर धावण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, दुखणं सकाळपासून असणार. सकाळपासून तुम्ही एकटे त्या खुर्चीत, छातीत कळ घेऊन, आणि कुणाला हाक मारायची तर खुर्ची कुणाला देऊन मारायची?

नंतर चौकशीत त्या दिवसाच्या बोलण्याची टेप ऐकली गेली. मलाही बसवलं होतं. सकाळपासूनचा तुमचा आवाज लागला, आणि तिथल्या एकालाही, मलासुद्धा, कळ कधी सुरू झाली ते ओळखता आलं नाही. मग पुढे माझा आवाज लागला. "उतरायला परवानगी आहे," असं सांगणारा. फोन ठेवल्याबरोबरचा. तोही चढला नव्हता. समोरचे साहेब म्हणाले, "शाबाश." तुम्ही मला हेच शिकवलंत, आणि मी इतकं चांगलं शिकले.

माझी चूक झाली असं मी म्हणत नाही. खोटं "घेतलं" म्हणायचं नसतं, मी म्हटलं नाही, आणि पुन्हा तीच वेळ आली तरी म्हणणार नाही. विमानात माणसं होती. चुकला तुम्ही. मेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. मग तुम्ही या आणि मला रागवा. नुसतं एकदा "पोरी, दुखून राहिलं" म्हणाला असतात, तर मी शिकाऊ वैमानिकाला हवेत ठेवून ओरडले असते, काचा फुटेस्तोवर. पण तसं म्हणणं म्हणजे पाच दाबणं. तुम्हाला ते बटण कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

वहिनींनी मला काही विचारलं नाही. तेराही दिवस नाही. काल सगळे गेल्यावर भांडी आवरताना म्हणाल्या, "त्या दिवशी मी म्हटलं, डबा घेतला का. तर म्हणाले, 'डबा घेतला, चष्मा घेतला, गाडीची चावी घेतली, संध्याकाळी येतो.' सकाळी सकाळी, अर्चना. कामावर जायच्या आधी कोणी परत म्हणते का? मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं." मी त्यांचे हात धरले. ओले होते, राखेचे होते. आम्ही दोघी तशाच मोरीपाशी बसून रडलो. तुमच्यासाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडले मी. आवाज चांगलाच चढला, दादा. खालच्या मजल्यावरचे वर आले बघायला.

माणूस गेला की कागद लवकर हलतात. त्याच मॅडम तीच डबी घेऊन पुन्हा आल्या आहेत. दुसऱ्या खुर्चीचा माणूस परत द्यायचा की नाही, ते या वेळच्या मोजणीवर ठरणार आहे. काल गच्चीवर, पंगत उठल्यावर, तिवारी हळूच माझ्याजवळ आला. "मैडम, इस बार क्या दबाना है?" बाकीची पोरं मागे उभी. आता मी सांगेन ते ब्रह्मवाक्य, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मला त्याची भीती वाटली. सगळे पाच दाबा, असं सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. खुर्ची परत आली असती. पण तेही तुमच्यासारखंच झालं असतं, नुसता आकडा वेगळा. मी म्हटलं, "जो लगे वो. और दबने के बाद कोई किसी का नहीं हटवाएगा."

आज सकाळची पाळी माझी होती. मॅडम डबी टेबलावर ठेवून ती दुसरी खुर्ची मागे घेऊन तिच्यावर बसल्या, डबे खाली ठेवून. पहिलं विमान यायला खूप अवकाश होता. फळीवर एकही पट्टी नव्हती. वारा मंद होता, गवतवाले अजून आले नव्हते, टेकड्यांवर ऊन पडलं होतं. मी समोर पाहत बसले होते आणि मला सारखं वाटत होतं की खुर्ची कुणीतरी मागे ओढतंय. मी पुढे सरकले. पुन्हा वाटलं. जिन्यावर खाली कोणी बसलं असेल तर मला इथून दिसणार नाही, एवढाच विचार डोक्यात फिरत होता, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही मांडायला जागा नव्हती. त्या क्षणी एखादं विमान आलं असतं तर माझ्याच्यानं झालं नसतं.

तेवढ्यात तांबडा दिवा लागला. मी पाच दाबलं.

मागून मॅडमचा आवाज आला, दबकत. "मैडम, आसमान तो ख़ाली है. ग़लती से दब गया क्या? हटा दूँ?"

मी वळून पाहिलं नाही. "नहीं," म्हटलं, "सही दबा है. रहने दीजिए."